चाकूचे गाल

काका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चहा होईपर्यंत धीर धरायचे, मग घरातल्या बाईला अगदी अदबीनं म्हणायचे, "तुमचा चाकू जरा बघायला मिळंल का?"

बाई बिचकायची. त्यांच्याबरोबर गेलेल्या माणसाला कुठं तोंड लपवावं असं व्हायचं. मी अशी दोन-चार घरं त्यांच्यासोबत केली आहेत, म्हणून सांगते. चाकू आला की ते खिडकीपाशी जायचे, एक डोळा मिटून टोकाकडून पात्यावर नजर लावायचे, सुतार फळीचा बाक बघतो तसे, आणि मान हलवून म्हणायचे, "गाल बसलेत." कधी म्हणायचे, "गाल भरलेत, चांगलंय." मग चाकू मुठीकडून परत द्यायचे आणि चहाला लागायचे. घरातल्यांना वाटायचं, हा गृहस्थ कुणाच्या तरी तब्येतीबद्दल बोलतोय.

संभाजीनगरातल्या एका सरकारी कार्यालयाच्या नकाशा शाखेत मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा ते तिथले सगळ्यांत जुने आरेखक होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे संगणकावर निघायला लागून बरीच वर्षं झाली होती. तेही संगणकावरच काढायचे, आणि चांगले काढायचे. पण टेबलावर पेन्सिलींनी भरलेला एक पेला असायचाच, आणि त्यातली प्रत्येक पेन्सिल चाकूनं तासलेली. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना काका म्हणायचे. ते मात्र सगळ्यांना साहेब आणि मॅडम म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची. मला अजूनही मॅडमच म्हणतात.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात दुपारच्या सुट्टीत गाजर कापत होते. पिशवीत सापडलेला जाडजूड चाकू होता. पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "मॅडम, ते कापलं नाय जात, फुटतंय."

"म्हणजे?"

"आवाज ऐका की. कट् म्हणतंय. पातं निम्म्यात गेलं की गाजर आपल्या आपण तडकतंय. पातं लई जाड हाय. पाचर ठोकल्यावाणी."

त्यांनी खिशातून घडीचा चाकू काढला, अंगठ्यानं उघडला आणि माझ्या गाजराची एक चकती केली. कसलाही आवाज झाला नाही. चकती मूळ गाजराला तशीच चिकटून उभी राहिली. कापलं गेलंय हे गाजराला अजून कळलं नसावं. मग त्यांनी कागद ओढला. बांध आडवा चिरला तर आतून कसा दिसेल, त्या चित्राला आम्ही छेद म्हणतो आणि रोज तेच काढतो. काकांनी चाकूंचे छेद काढले.

धारेपासून पाठीपर्यंत पात्याची जी दोन अंगं, त्यांना ते गाल म्हणायचे. पहिल्या चित्रातले गाल आत ओढलेले होते, तापातून उठलेल्या माणसासारखे. "हा बसक्या गालाचा. धारेपाशी लई बारीक. टमाट्याच्या सालीला हाच. पण जाड फळात घातला तर वर जाऊन अडकतो, आन् हाडाबिडावर मारला तर धारेचा तुकडाच पडंल." दुसऱ्यात गाल पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरलेले. "सपाट गालाचा. ह्याला सगळं येतं, कशातच पयला नंबर नाय. आपल्या खात्यातल्या माणसांवाणी." तिसऱ्याचे गाल फुगलेले. "भरल्या गालाचा. काठी छाटा, लाकूड तासा, फिकीर नाय. पण पापडासारखी काकडी मागाल तर देणार नाय." चौथ्या चित्रात एकच बाजू तिरपी होती, दुसरी पाटीसारखी सपाट. त्याच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा एका गालाचा. ह्याची गोष्ट येगळी," आणि डबा धुवायला निघून गेले.

त्यांच्याकडं चाकू किती होते हे काकूंनाही माहीत नव्हतं. पण खिशात रोज एकच, आणि तो डबा बघून ठरायचा. डब्यात काकडी-टमाटे असले तर बसक्या गालाचा, पेरू असला तर सपाट. शनिवार-रविवारी अजिंठ्याकडं गावी निघाले तर भरल्या गालाचा, कारण रस्त्यात काय तोडायला लागेल सांगता येत नाही. डब्यात काकडी आणि पेरू दोन्ही निघाले की पंचाईत व्हायची. असंच एकदा उशिरा आले तेव्हा मोठ्या साहेबांनी कारण विचारलं. काका म्हणाले, "ठरत नव्हतं साहेब." साहेब नवीन होते, त्यांना वाटलं मुलीचं लग्न ठरत नाही. त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि धीर दिला. काकांनी तो धीर निमूटपणे घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "माणूस चांगलाय. मी काय त्यांना दुरुस्त केलं नाय."

हे वेड लागलं कुठून, हे ते दर माणसाला वेगळं सांगत. शिपायाला सांगितलं होतं की लहानपणी अजिंठ्याच्या लेण्यांपाशी एका पाहुण्याला सफरचंदाची साल एकसंध काढताना बघितलं. साहेबांना सांगितलं की आजोबांचा एक चाकू विहिरीत पडला, तो अजून शोधतोय. मला म्हणाले, "कारण काय नाय मॅडम. बघत राह्यलं की दिसायला लागतं." मला हे तिसरं खरं वाटतं.

एवढा चाकूंचा नाद, पण रक्ताचं नाव काढलं की काका गळायचे. एकदा माझ्या बोटाला कागदानं जरासं कापलं, तर पाणी त्यांनाच पाजावं लागलं. घरी कोंबडी आणली की ती साफ करायचं काम काकूंचं. काका तेवढा वेळ गच्चीवर.

काकू शाळेत शिक्षिका होत्या. उस्मानपुऱ्यात त्यांचं छोटं घर, पुढच्या खोलीत बुद्धाची शांत तसबीर, आणि तिच्या खालच्या फडताळात चाकू. कोणाला दिसू नयेत म्हणून काकूंनी फडताळाला फुलाफुलांचा पडदा लावला होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनीच मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली, काकांच्या समोर.

"मला बघायला आले ना, तर पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि माझ्या वडिलांचा अडकित्ता हातात घेतला. सगळी माणसं माझ्याकडं बघतायत आणि हे अडकित्त्याकडं. मग वडिलांना म्हणाले, ह्याची पाती टोकाला भेटत नाहीत, म्हणून सुपारी भुगा होते. वडील म्हणाले, दहा वर्षं हेच सांगतोय घरात, कुणी ऐकत नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्याआधी आलेल्यांनी मला चालून दाखवायला लावलं होतं, वाचून दाखवायला लावलं होतं. ह्यांनी काहीच लावलं नाही. मी आईला आत जाऊन सांगितलं, हाच चालेल."

काका चाकू पुसत होते. "अडकित्ता नंतर नीट करून दिला मी," ते म्हणाले, जणू गोष्टीत तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत कुलपं, कात्र्या आणि चाकू विकणारे एक चाचा होते. काका तिथं दर पंधरा दिवसांनी जायचे. मी कात्री घ्यायला म्हणून एकदा सोबत गेले. चाचांनी काकांना लांबून बघितलं आणि आतून स्टूल काढून ठेवलं.

"आओ साब. आज क्या देखना?"

"सपाट गालाचा दाखवा. तो मागच्या टायमाचा नक्को, त्याचा एक गाल थोडा सुजलेला होता."

"सुजेला था?" चाचांनी माझ्याकडं बघून हात पसरले. "बेटा, मैं चालीस साल से चाकू बेचरा हूँ. गिऱ्हाईक आता, बोलता चाकू देओ, मैं देता, जाता. ये साब आते तो मेरेकू ऐसा लगता मैं लडकियाँ दिखारा हूँ."

पण तेही बघायला लागले होते. काका चाकू प्रकाशात धरत, तेव्हा चाचाही शेजारी मान वाकडी करून एक डोळा मिटत. नवीन माल आला की त्यातले दोन-तीन बाजूला काढून ठेवत आणि काका आले की विचारत, "देखो साब, मेरेकू ये बराबर लगा. है ना?" आणि बरोबर निघालं की दिवसभर खूश. त्या दिवशी काकांनी काहीच घेतलं नाही. चाचांनी चहा मागवला.

काकांचा चाकू एकदा मात्र सगळ्या कार्यालयाच्या अंगाशी येता येता राहिला. आमच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. एक बडे पाहुणे आले होते, सोबत बंदूकधारी पोलीस, दारात लाल फीत, आणि ताटात फुलांमध्ये ठेवलेली कात्री. पाहुण्यांनी कात्री चालवली. फीत कात्रीच्या दोन पात्यांमध्ये दुमडली. पुन्हा चालवली, पुन्हा दुमडली. टाळ्या वाजवायला वर आलेले हात तसेच अडकले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात गर्दीतून काका दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी खिशातला चाकू उघडला. खट्.

एका पोलिसानं त्यांचं मनगट पकडलं, दुसऱ्यानं खांदा दाबला. काकूंना आता काय सांगायचं, हाच पहिला विचार माझ्या मनात आला. काका मात्र पाहुण्यांकडं बघत होते, तेही जरा ओशाळून.

"साहेब, फितीला बसक्या गालाचा बरा पडला असता," ते म्हणाले. "पण आज डब्यात पेरू हाय. हा सपाट गालाचा हाय. चालंल, पण फीत ताणून धरायला लागंल."

पाहुण्यांनी चाकूकडं बघितलं, काकांकडं बघितलं, आणि पोलिसांना म्हणाले, "अरे सोडा त्यांना, पेरूवाले आहेत ते." मग स्वतः फीत ताणून धरली. काकांनी चाकू नुसता टेकवला आणि फीत सुटली. पाहुण्यांना एवढी गंमत वाटली की भाषणात विकासकामं राहिली बाजूला, ते पाच मिनिटं आपल्या आजीच्या विळीबद्दल बोलले. पुढच्या सोमवारी साहेबांनी काकांना बोलावून तंबी दिली आणि जाताना विचारलं, घरी बटाट्याला कुठला घ्यावा.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगते. कारण काका मला खरे कळले ते त्यांच्यामुळं.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. पैठणच्या बाजूला आमची मोसंबीची बाग आहे, बांधावर पेरू. अण्णांचा हात कलमाला चांगला. खुंटाच्या, म्हणजे रानटी जातीच्या रोपाच्या, सालीत काप घ्यायचा, चांगल्या झाडाच्या काडीवरचा एक डोळा, कोंब फुटायची जागा, सालीसकट अलगद सोलून त्या कापात बसवायचा आणि पट्टीनं बांधायचं. डोळा फुटला की त्या खुंटावर मोसंबी वाढते. याला डोळा भरणं म्हणतात. आसपासच्या गावांतून अण्णांना डोळे भरायला बोलावणं यायचं. बंडीच्या खिशात त्यांचा घडीचा चाकू कायम असायचा. शेतात कुणी आलं की ते पेरू तोडायचे, चकती कापायचे आणि पात्यावरच समोर धरायचे.

एका हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांना लकवा झाला. वाचा परत आली, पाय ओढत का होईना ते चालायला लागले, पण उजवा हात खांद्यापासून लोंबता राहिला. व्यायामाच्या उपचारांसाठी मी त्यांना आणि आईला गारखेड्याला माझ्या घरी आणलं. सुरुवातीला ते बरे होते. मग एक दिवस गावाकडून पेरू आले. अण्णांनी पेरू पाटावर ठेवला, त्याच्यावर उजवा हात नुसता वजनासारखा टाकला आणि डाव्या हातात चाकू घेतला. पातं आत जाईना. चकती निम्म्यात पातळ होत संपायची आणि चाकू बाहेर निसटायचा. त्यांनी चार-पाचदा केलं. शेवटी चाकू निसटून गुडघ्याला ओरखडा आला. आई म्हणाली, "द्या, मी देते कापून." अण्णांनी चाकू मिटवला, टेबलाच्या खणात टाकला आणि पेरूला पुन्हा हात लावला नाही.

चार दिवसांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, तर म्हणाले, "आजपासून नको." का, म्हणून मी विचारलं. "एक हात गेला म्हणून दुसऱ्याच्या भरवशावर व्हतो," ते म्हणाले. "दुसरा बी शिकंना. आता बसून ऱ्हायचं." आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी कार्यालयात कुणाला काही बोलले नव्हते, पण काकांना कुठून तरी कळलं, आणि रविवारी ते काकूंना घेऊन आले.

मला भीती होती तेच झालं. तब्येतीची चौकशी झाली, चहा गॅसवर चढला, आणि काका आईला म्हणाले, "तुमचा चाकू जरा..." काकूंनी त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं. पण आई साधी. ओट्यावरचा चाकू खरकटा होता, म्हणून तिनं खणातला अण्णांचा आणून दिला.

काका खिडकीपाशी गेले. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. पात्यावरून नखही फिरवून बघितलं.

"हा कुणाचा?"

"माझा," अण्णा म्हणाले. "व्हता."

"उजव्या हाताचा हाय."

अण्णांनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. "चाकूला कुठं हात असतो व्हय?"

"ह्याला हाय. तुम्ही हा एकाच अंगानं पाजवत आलात ना, दगडावर?"

"कलमाला तसाच लागतो. येक बाजू सपाट ऱ्हायला पायजे, नायतर डोळ्याची साल फाटती."

"बराबर. म्हणून ह्याला एकच गाल हाय, उजवीकडं. उजव्या हातात तो सरळ चालतो, तुम्हाला त्याची सवय. डाव्यात घेतला की बाहेर पळणार. तुमच्याच नाय, माझ्या बी डाव्या हातात पळंल. अण्णा, ह्यात तुमच्या हाताची खोट नाय."

अण्णांनी आपला डावा हात उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, "मला वाटलं, ह्यो बी हात गेला."

काकांनी आपल्या खिशातला सपाट गालाचा चाकू उघडला आणि मुठीकडून त्यांच्या डाव्या हातात दिला. आईनं पेरू आणला. पहिली चकती वेडीवाकडी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण निघाली. अण्णांनी ती पात्यावर घेतली आणि आईच्या समोर धरली. आईनं दोन्ही हात पुढं केले, देवाचा प्रसाद घेतात तसे.

त्यानंतर दोन आठवडे काका रोज संध्याकाळी कार्यालयातून थेट आमच्याकडं. रोज वेगळे चाकू. अण्णांसाठी कुठले गाल बरे, याचा शोध सुरू झाला. बसक्या गालाचा पेरूत सुरेख जायचा आणि बियांपाशी अडकून बसायचा. भरल्या गालाचा अडकायचा नाही, पण डाव्या हाताला जोर जास्त लावावा लागायचा. काका प्रत्येक वेळी बाजूला बसून नुसतं अण्णांच्या खांद्याकडं बघत. "हातापेक्षा खांदा खरं बोलतो," ते म्हणत. आमच्या घरात पेरूची कोशिंबीर, पेरूची भाजी, पेरूचं पंचामृत झालं. शेजारच्यांनी तर आमची बेल वाजली की दार उघडणंच बंद केलं.

शेवटी काकांनी निर्णय दिला. सपाट गालाचा, मधल्या पात्याचा, खटका हलका. तो त्यांनी रुमालात गुंडाळून अण्णांच्या हातात ठेवला. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. मुलीचं स्थळ पक्कं करून आल्यासारखा. अण्णांनी चाकू उघडून बघितला, मिटवला आणि परत केला.

"चांगला हाय साहेब. पण मला नको."

"का? काय कमी हाय?"

"कमी काय नाय. पेरू कापाया माझी बायकू हाय, तिनं कापला तर मी लहान व्हत नाय. मला डोळा भरायचाय."

काका खुर्चीत मागं टेकले. मग ते हळू म्हणाले, "चुकलंच माझं. मी आजाऱ्याचा चाकू हुडकत होतो."

डोळा भरायला एका गालाचाच चाकू लागतो, पण आता गाल डावीकडं हवा होता. गुलमंडीला चाचांनी कपाळाला हात लावला. "उलटे हात का? कौन बनाता साब?" कुणी बनवत नव्हतं. मग काकांनी आपल्या फडताळातून एक चाकू काढला, भरल्या गालाचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा. आमच्या गॅलरीत कुरुंदाचा दगड पाण्यात भिजवून ठेवला आणि संध्याकाळी येऊन त्यावर चाकू घासायला लागले. एक गाल पार उतरवून पाटीसारखा करायचा, दुसऱ्याला नेमका तिरपा काढायचा. दगडाचा तो खसखस आवाज आणि आत अण्णांचा हाताचा व्यायाम, असं चालायचं. कारण अण्णांनीच त्या बाईंना परत बोलावलं होतं. "उजवा अंगठा नुसता दाबाया शिकवा," त्यांनी सांगितलं होतं. "डोळा बसवला की दाबून धराया लागतो."

एकदा स्वयंपाकघरात काकू मला हळूच म्हणाल्या, "तो काळ्या मुठीचा ना, लग्नाच्या आधीपासूनचा आहे. त्याला मलाही हात लावू देत नाहीत." मी गॅलरीत बघितलं. काका पातं पाण्यात बुडवत होते, डोळ्यांसमोर धरत होते आणि पुन्हा दगडावर ठेवत होते. तोंडानं काहीतरी गुणगुणत होते.

गावाकडून पिशव्यांमध्ये खुंटाची रोपं आली, आणि ओल्या फडक्यात मोसंबीच्या काड्या. काकांनी काडी धरली. अण्णांनी डाव्या हातानं डोळ्याखाली चाकू घातला. पातं कुठंही पळालं नाही. सालीच्या आतून सरकत गेलं आणि डोळा नखाएवढ्या ढालीसारखा सुटून आला. अण्णांनी तो कापात बसवला आणि उजवा हात डाव्यानं उचलून अंगठा त्यावर आणून ठेवला. अंगठा दाबला गेला. फार नाही, पण गेला. मी पट्टी बांधली. त्या संध्याकाळी आम्ही जेवढे डोळे भरले ते बहुतेक सगळे वाळले. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. "हाताला इसरायला झालं व्हतं, आता आठवंल," ते म्हणाले, आणि पुन्हा काड्या मागवल्या. दुसऱ्या खेपेला पट्टी सोडली तेव्हा दोन डोळे हिरवे होते. व्यायामाच्या बाईंनी फोटो काढून नेले.

उन्हाळ्याआधी अण्णा गावी परतले. पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी माझ्या दारात पिशवी घेऊन उभे. "मॅडम, अण्णांकडं निघालोय. डोळा भरायला शिकायचा हाय." मी काकूंना फोन करून कळवलं, तर त्यांनी टाकलेला सुटकेचा निःश्वास मला फोनवरसुद्धा ऐकू आला.

गंमत अशी की एवढे चाकू ओळखणाऱ्या माणसाला डोळा काही जमेना. काप सरळ यायचा, साल स्वच्छ सुटायची, आणि आठवड्याभरात डोळा काळा. पुन्हा भरायचे, पुन्हा काळा. काका दर वेळी चाकू बदलून आणायचे. अण्णा बाजेवर बसून बघायचे.

"साहेब, चाकू लई झाक हाय तुमचा," ते एकदा म्हणाले. "पण तुमी चाकूकडंच बघून ऱ्हायले. तवर डोळा वाळतो. काढला की बसवायचा, त्याला हवा लागू द्यायची नाय."

"व्हय, पण धार नीट बसली का नाय बघायला नको?"

"नको."

काकांना हे पटायला एक हंगाम गेला.

मागच्या हिवाळ्यात मी गावी होते. काकाही आलेले. सकाळी ऊन अंगावर घेत आम्ही तिघं रोपांच्या वाफ्याकडं गेलो. तीन आठवड्यांपूर्वी स्वतः भरलेल्या एका खुंटाची पट्टी काकांना सोडायची होती. ते मांडी घालून मातीतच बसले, चाकूच्या टोकानं पट्टीची गाठ तोडली आणि एक-एक वेढा उलगडत गेले. शेवटचा वेढा निघाला. आत डोळा हिरवा होता, आणि त्याच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा कोंब.

काकांनी चष्मा वर सारला, खाली आणला, पुन्हा वर सारला. पुढं वाकून, अगदी नाक लागेल इतक्या जवळून ते त्या कोंबाकडं बघत राहिले. हातातला चाकू केव्हा गळून पडला, त्यांना कळलं नाही. तो उघडाच ओल्या मातीत पडला होता.

अण्णा सावकाश वाकले. डाव्या हातानं त्यांनी चाकू उचलला, धोतराच्या सोग्याला दोन्ही अंगांनी पुसला, मांडीवर टेकवून मिटवला आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकला. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"घरी गेल्यावर आठवंल त्यास्नी," ते हळूच म्हणाले. "तवर बघू दे."